कारण न सापडलेली रक्ताची गुठळी: कोणती तपासणी आज, कोणती १२ आठवड्यांनी?

निळी_टोपी

पायातल्या खोल शिरेत गुठळी झाली, किंवा ती सुटून फुफ्फुसात गेली. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही, बाळंतपण नाही, कॅन्सर असल्याचं माहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘अनप्रोव्होक्ड डीव्हीटी’ असं लिहून येतं आणि घरचे त्याच रात्री लॅबच्या ॲपवर ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ (गुठळी होण्याची प्रवृत्ती शोधणाऱ्या तपासण्यांचा संच) शोधायला बसतात. सकाळी कोणीतरी घरी येऊन रक्त नेतं. काही दिवसांनी रिपोर्ट येतो: प्रोटीन एस कमी, अँटिथ्रॉम्बिन कमी, ल्युपस अँटिकोॲग्युलंट ‘प्रेझेंट’. हे तिन्ही निकाल फसवे असू शकतात, आणि लॅबने काहीही चूक केलेली नसते. चुकलेली असते ती वेळ.

म्हणून तपासण्यांचे ढीग करून बघा.

काही तपासण्या कधीही करता येतात. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन जी२०२१०ए या जनुकीय आहेत. डीएनए गुठळीने बदलत नाही आणि गोळीनेही नाही. अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन-१ या अँटिबॉडी एलायझाने मोजतात. तिथे रक्त गोठवून बघायचं नसतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा अडथळा येत नाही.

काही तपासण्या पहिल्याच दिवशी हव्यात, शक्यतो हेपरिनच्या (रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या) पहिल्या इंजेक्शनआधी: सीबीसी, पीटी आणि एपीटीटी (दोन्ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात), क्रिएटिनिन, लिव्हर, आणि साधी लघवीची प्रोटीन. हेपरिन न देताच एपीटीटी लांबलेला असेल तर ती ल्युपस अँटिकोॲग्युलंटची पहिली खूण असू शकते, आणि हेपरिन सुरू झाल्यावर तो आकडा परत मिळत नाही. लघवीत भरपूर प्रोटीन जात असेल तर नेफ्रॉटिक सिंड्रोम. त्यात अँटिथ्रॉम्बिन लघवीवाटे वाहून जातं. महागड्या पॅनेलआधी ही स्वस्त तपासणी बऱ्याचदा राहून जाते.

उरलेला ढीग थांबण्याचा: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. ताज्या गुठळीत गोठणं आवरणारी ही प्रोटीन्स खर्ची पडतात, म्हणून कमी दिसतात. हेपरिनने अँटिथ्रॉम्बिन आणखी खाली येतं. वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम व्हिटॅमिन के अडवून काम करतात, आणि प्रोटीन सी व एस दोन्ही व्हिटॅमिन केवर अवलंबून, म्हणजे गोळी चालू असताना ती कमी येणारच. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी प्रोटीन एस घसरतं. रिव्हरॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन आणि डाबिगाट्रॅन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांचं उलटं. गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या पद्धतीत ही औषधं आकडा फुगवतात, म्हणजे खरी कमतरता झाकली जाते.

ढोबळ नियम: गुठळीनंतर किमान ३ महिने. वॉरफरिन थांबवल्यावर प्रोटीन सीसाठी किमान २ आठवडे, प्रोटीन एससाठी ४ आठवडे गेले तर बरं. बाळंतपणानंतर किमान ६ आठवडे. आणि फक्त तपासणीसाठी कोणीही मनाने गोळी बंद करू नये. पहिल्या ३ महिन्यांत औषध सुटलं तर गुठळी वाढण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

एक पळवाट मात्र आहे. अडथळा आणणारं औषध नसताना, ऐन गुठळीतही प्रोटीन सी नॉर्मल आलं, तर जन्मजात कमतरतेचा विषय तिथेच संपला. कमी आलं तर काहीच सिद्ध होत नाही.

---

चौकस_चिमणी

रुमाल टाकून ठेवते. पहिला प्रश्न: ल्युपस अँटिकोॲग्युलंट कोणत्या ढिगात? नावात ‘अँटिकोॲग्युलंट’ आणि होते गुठळी, हे कसं?

---

निळी_टोपी

नाव प्रयोगशाळेतल्या वागण्यावरून पडलंय. परीक्षानळीत ही अँटिबॉडी फॉस्फोलिपिडला चिकटून बसते, त्यामुळे रक्त उशिरा गोठतं. शरीरात तीच पेशींना आणि प्लेटलेट्सना चेतवते आणि गुठळी करते.

तिची मुख्य तपासणी डीआरव्हीव्हीटी. यात वापरतात पातळ केलेलं घोणसीचं विष. हो, आपल्या उसाच्या फडात निघते तीच घोणस. तिच्या विषातलं एक एन्झाइम फॅक्टर टेनला थेट चालू करतं, वरच्या पायऱ्या वगळून. मग उरतात फॅक्टर टेन, फाइव्ह, प्रोथ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन आणि फॉस्फोलिपिड. अँटिबॉडी फॉस्फोलिपिड अडवते, वेळ लांबतो.

समजा स्क्रीन ६२ सेकंद आला आणि नॉर्मल प्लाझ्माचा ३६ आहे. गुणोत्तर १.७२. मग भरपूर फॉस्फोलिपिड घालून ‘कन्फर्म’ करतात: रुग्णाचा ४१, नॉर्मलचा ३४, गुणोत्तर १.२१. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.४२. बऱ्याच लॅबची मर्यादा १.२ च्या आसपास असते, पण प्रत्येक लॅबने स्वतःची काढलेली हवी. फॉस्फोलिपिड वाढवल्यावर वेळ दुरुस्त झाला याचा अर्थ अडथळा फॉस्फोलिपिडचाच होता. शिवाय रुग्णाचा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून बघतात. फॅक्टरची कमतरता असेल तर मिश्रणात वेळ सुधारतो. अँटिबॉडी असेल तर नॉर्मल प्लाझ्मालाही ती अडवते, वेळ लांबच राहतो. डीआरव्हीव्हीटीच्या जोडीला सिलिका वापरून केलेला एपीटीटीही हवा. दोन्हींपैकी एक पॉझिटिव्ह आली तरी पॉझिटिव्ह.

आता ढीग. रिव्हरॉक्सॅबॅनने डीआरव्हीव्हीटी खोटी पॉझिटिव्ह येते, हे अगदी नेहमीचं. वॉरफरिनवर आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) १.५ च्या खाली असेल तर निकाल धरता येतो, १.५ ते ३ मध्ये नॉर्मल प्लाझ्मात मिसळून करतात, पण तो निकाल जपून वाचायचा. एनोक्सापॅरिनवर (हेपरिनचाच एक प्रकार) शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास. तापात, न्यूमोनियात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रोटीन) खूप चढलेलं असेल तर एपीटीटीवर आधारलेली तपासणी तेवढ्याने फसते. तेव्हा हीसुद्धा थांबण्याच्या ढिगात.

---

गोठणगल्ली

वरच्या दोन्ही पोस्टना +१. भर घालतो.

एकदा पॉझिटिव्ह म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (याच अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार) नव्हे. सिडनीचे २००६ चे निकष सांगतात की किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह हवं. कारण साधं आहे: अनेक संसर्गांनंतर या अँटिबॉडी काही आठवडे दिसतात आणि निघून जातात. अँटिकार्डिओलिपिनचा आकडा ४० युनिटच्या वर, किंवा ९९ व्या पर्सेंटाइलच्या वर हवा. १८ आणि २२ असे आकडे लाल रंगात छापून येतात आणि लोक घाबरतात. त्यांना फारसा अर्थ नसतो. २०२३ च्या एसीआर-युलर (अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटना) निकषांनी तर फक्त आयजीएम प्रकारची अँटिबॉडी वाढलेली असेल तर त्याला एकच गुण दिलाय. ते निकष संशोधनासाठी रुग्ण निवडण्याचे आहेत, बाह्यरुग्ण विभागात निदान नाकारण्याचे नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

---

सातारी_कंदी

घरी येऊन रक्त नेण्याबद्दल कोणी नीट लिहील का? एकाच माणसाचे दोन लॅबचे आकडे इतके वेगळे का येतात?

---

निळी_टोपी

याच पोस्टसाठी धागा काढला होता म्हणा हवं तर.

गोठण्याच्या तपासणीची ट्यूब म्हणजे फिकट निळ्या झाकणाची, आत ३.२ टक्के सोडियम सिट्रेट. प्रमाण नऊ भाग रक्त, एक भाग सिट्रेट. नेहमीच्या ट्यूबमध्ये ०.३ मिलि सिट्रेट असतं, त्यात २.७ मिलि रक्त हवं, खुणेपर्यंत. शीर सापडली नाही म्हणून २ मिलिवर थांबलं तर सिट्रेट जास्त होतं, ते यंत्रात घातलेलं कॅल्शियमही पकडून ठेवतं, आणि सगळे वेळ खोटेच लांबतात. खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरलेली ट्यूब लॅबने परत पाठवायला हवी. पाठवली तर रागावू नका.

बटरफ्लाय सुई वापरली असेल तर तिच्या नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते आणि ती हमखास कमी भरते. म्हणून आधी एक ट्यूब फेकण्यासाठी. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबनंतर निळी भरायची नाही. तिच्यातल्या ईडीटीएचा अंश आला तरी वेळ लांबतो. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतून ‘भरून घेणं’ तर अजिबात नाही. मग ट्यूब हळू चार-पाच वेळा उलटी-सुलटी करायची. हलवायची नाही.

आता पिशवी. होमोसिस्टीनचं (बी-१२ कमी असलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) सॅम्पल बर्फावर न्यावं लागतं आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, कारण लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा तासाला साधारण १० टक्के वाढतो. निळी ट्यूब मात्र साध्या तापमानाला, १८ ते २५ अंशांत. थंडीने फॅक्टर सेव्हन चेतवला जातो, फॅक्टर एट आणि व्हॉन विलेब्रँड घटतात. घरून रक्त नेणाऱ्याकडे एकच पिशवी आणि एकच बर्फाची लादी असते. दोन्ही ट्यूब तिच्यात गेल्या तर एक बिघडली. बर्फ काढला तर दुसरी. प्रोफाइलमध्ये दोन्ही तपासण्या असतील तर लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं हे उत्तम.

पुढचं लॅबच्या आत. १५०० जी वर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने उचलायचा, खालचा थर न ढवळता. मग तोच प्लाझ्मा पुन्हा फिरवायचा आणि पुन्हा तळ सोडून द्यायचा. मायक्रोलिटरमागे १०,००० पेक्षा कमी प्लेटलेट्स राहायला हव्यात. छोट्या कलेक्शन सेंटरवर एकदाच फिरवून गोठवतात आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवतात. गोठवल्यावर उरलेल्या प्लेटलेट्स फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, आणि तेच ल्युपस अँटिकोॲग्युलंटला गिळून टाकतं. रिपोर्ट येतो ‘नॉट डिटेक्टेड’. फसवी निगेटिव्ह ही फसव्या पॉझिटिव्हपेक्षा वाईट, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ५५ च्या वर असेल तर प्लाझ्माच कमी असतो, म्हणून सिट्रेटही कमी हवं. सूत्र: ०.००१८५ × (१०० − हिमॅटोक्रिट) × रक्ताचे मिलि. हिमॅटोक्रिट ६० असेल तर २.७ मिलि रक्ताला ०.२ मिलि सिट्रेट पुरतं, म्हणजे ट्यूबमधून ०.१ काढावं लागतं. असे रुग्ण दुर्मीळ खरे, पण पॉलिसायथेमियात (लाल पेशी जास्त बनण्याच्या आजारात) गुठळ्या होतात, त्यामुळे नेमके तेच या तपासणीला येतात.

---

हेमाडपंथी

धागा माहितीपूर्ण आहे, पण उलट्या बाजूने विचारतो. हे सगळं करायचं कशासाठी? तपासणीच्या कागदावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: निकाल पॉझिटिव्ह आला तर काय बदलणार, निगेटिव्ह आला तर काय बदलणार? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर पैसे वाचवा.

गुठळी अनप्रोव्होक्ड, मांडीपर्यंतची किंवा फुफ्फुसातली, आणि रक्तस्रावाचा धोका कमी, तर औषध बेमुदत चालू ठेवायचा सल्ला तसाही दिला जातो. फॅक्टर फाइव्ह लायडन सापडलं तरी तेच, नाही सापडलं तरी तेच. युरोपीय वंशाच्या लोकांत ते सुमारे ५ टक्क्यांत असतं, आपल्याकडे त्याहून बरंच कमी. प्रोथ्रॉम्बिनचा बदल तर भारतीयांत जवळजवळ सापडतच नाही. तरी प्रत्येक प्रोफाइलमध्ये दोन्ही असतात. एमटीएचएफआर (होमोसिस्टीनशी संबंधित जनुकाची तपासणी) तर सरळ कटाप करा. त्याने गुठळीचा निर्णय बदलत नाही, पण रिपोर्टवर ‘म्युटेशन डिटेक्टेड’ वाचून लग्नं लांबणीवर पडतात.

---

टेम्सकाठचा

इथे ब्रिटनमध्ये नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेची २०२० ची मार्गदर्शिका हेच सांगते. औषध चालूच राहणार असेल तर आनुवंशिक तपासण्या करू नका. थांबवायचा विचार असेल तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीचा विचार करा. आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कोणाला गुठळी झाली असेल तर आनुवंशिकचाही. भारतातले नातेवाईक विचारतात ‘तिकडे साध्या तपासण्याही करत नाहीत का?’ करत नाहीत, कारण हे.

---

गोठणगल्ली

हेमाडपंथी यांच्याशी बराच सहमत, पण ‘काही बदलत नाही’ हे सरसकट लिहू नये. तीन ठिकाणी बदलतं.

एक, अँटिफॉस्फोलिपिड. इथे औषधच बदलतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅप्स चाचणीत तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांत रिव्हरॉक्सॅबॅन विरुद्ध वॉरफरिन असा सामना होता. रिव्हरॉक्सॅबॅनच्या गटात पक्षाघात आणि हार्ट ॲटॅक झाले, वॉरफरिनच्या गटात गुठळीची एकही घटना नाही. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. म्हणून ट्रिपल पॉझिटिव्ह असेल, किंवा धमनीत गुठळी झालेली असेल, तर वॉरफरिन वा ॲसिट्रॉम, आयएनआर २ ते ३. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ या दोन तपासण्या कधीही होत असल्यामुळे त्या पहिल्याच आठवड्यात पाठवाव्यात. दोन्ही खूप चढलेल्या असतील तर १२ आठवडे पुरे व्हायची वाट न बघता वॉरफरिनकडे वळण्याचा विचार होतो.

दोन, गुठळी वेगळ्याच जागी असेल तर. यकृताच्या शिरांत म्हणजे बड-किआरी, किंवा पोर्टल व्हेनमध्ये असेल तर जॅक-२ व्ही६१७एफ (मज्जेत रक्तपेशी जास्त बनवणारा जनुकातला बदल) तपासायचंच, सीबीसी नॉर्मल असली तरी. प्लीहा मोठी झालेली असते, ती पेशी साठवून ठेवते आणि वाढलेले आकडे झाकले जातात. त्याच सोबत पीएनएचसाठी (लाल पेशी फुटण्याचा एक दुर्मीळ आजार) फ्लो सायटोमेट्री. तिला ताजं रक्त लागतं. इथे प्रोटीन सी, एस आणि अँटिथ्रॉम्बिनचे आकडे वाचताना सांभाळा: तिन्ही यकृतात बनतात आणि यकृतच आजारी आहे.

तीन, अँटिथ्रॉम्बिनची खरी कमतरता. १९६५ मध्ये नॉर्वेत एका कुटुंबात पहिल्यांदा वर्णन झालेला हा दोष दुर्मीळ, पण जोरदार. हेपरिन अँटिथ्रॉम्बिनच्या मार्फतच काम करतं, त्यामुळे नेहमीचा डोस देऊनही एपीटीटी वाढत नाही. पुढे गरोदरपणाचं नियोजन पूर्ण वेगळं होतं. तिशीच्या आत गुठळी आणि घरात आणखी दोघांना झालेली, अशा वेळी मी तपासणी टाळणार नाही.

---

हेमाडपंथी

मान्य. तिसऱ्या मुद्द्यात मुलींचाही विचार धरा. आईला प्रोटीन एसची सिद्ध कमतरता असेल तर मुलीने इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी की नाही, हा निर्णय बदलतो. पण ‘सिद्ध’ म्हणजे दोनदा, औषधाविना, आणि प्रोटीन एससाठी ‘फ्री अँटिजेन’ (रक्तातला मोकळा प्रोटीन एस मोजणारी तपासणी). बायकांची नॉर्मल पातळी पुरुषांपेक्षा कमी असते. एकच संदर्भ-पट्टा छापणारी लॅब उगाच रुग्ण तयार करते.

आणि होमोसिस्टीन. शाकाहारी घरांत बी-१२ कमी, त्यामुळे होमोसिस्टीन १५ च्या वर, हे आपल्याकडे सर्रास. बी-१२ जरूर भरून काढा, नसांसाठी आणि रक्तासाठी. पण ‘कारण सापडलं’ म्हणून रक्त पातळ करायची गोळी थांबवू नका. व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन उतरतं, गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण उतरत नाही, हे चाचणीत दिसलेलं आहे.

---

शेपूची_जुडी

‘कारण सापडत नाही’ म्हणण्याआधी औषधांची यादी नीट विचारली जाते का? आपल्याकडे गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नोरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, केमिस्टकडून थेट. या डोसला तिचा काही भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे इस्ट्रोजेनची गोळी घेतल्यासारखंच. उपास आणि पाणी कमी हेही त्याच आठवड्यात. बाई हे ‘औषध’ म्हणून सांगतच नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नाही. ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं न विचारता ‘गेल्या दोन महिन्यांत पाळीसाठी काही घेतलं का?’ असं विचारायचं. डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या, मेंदूच्या शिरेत गुठळी निघालेल्या बाईला तर नक्कीच.

पुरुषांत जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. तीही कोणी आपणहून सांगत नाही.

---

गोठणगल्ली

अगदी. आणि कधी कारण रक्तात नसतं, रचनेत असतं. तरुण बाई, डावा पाय, गुठळी थेट मांडीच्या वर: उजव्या बाजूची इलियाक धमनी डाव्या शिरेला मणक्यावर दाबते, याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. पायाचा नेहमीचा डॉपलर जांघेपाशी थांबतो, पोटातली शीर त्यात दिसत नाही. सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी मागावी लागते. हातात गुठळी आणि माणूस वजनं उचलणारा किंवा गोलंदाज: पहिली बरगडी आणि गळपट्टीच्या हाडामध्ये शीर चिमटते. इथे प्रोटीन एस मोजत बसण्यात हशील नाही.

---

चौकस_चिमणी

कॅन्सरसाठी पूर्ण शरीराचं पेट स्कॅन करून टाकावं का? बरेच लोक तेच सुचवतात.

---

हेमाडपंथी

नाही. २०१५ च्या कॅनडातल्या चाचणीत अनप्रोव्होक्ड गुठळीच्या ८५४ जणांत वर्षभरात ३.९ टक्क्यांना कॅन्सर निघाला. पोटाचा सीटी जास्तीचा केल्याने काही फायदा दिसला नाही. नीट तपासणी, सीबीसी, कॅल्शियम, लिव्हर, छातीचा एक्स-रे, आणि वयाप्रमाणे एरवीही करायच्या असतात त्या: स्तन, गर्भाशयमुख, आतडं, प्रोस्टेट. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, गाठ लागतेय, अशी खूण असेल तर तिचा माग काढायचा, आणि त्याला मर्यादा नाही.

---

सातारी_कंदी

मधल्या ३ महिन्यांत काय चुकतं? आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी तपासणी) दर पंधरवड्याला करून काही कळतं का?

---

शेपूची_जुडी

गोळ्यांपुरतं सांगते.

रिव्हरॉक्सॅबॅन १५ मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा २१ दिवस, मग २० मिलिग्रॅम दिवसातून १ वेळा. ही १५ आणि २० ची गोळी जेवणासोबतच. उपाशीपोटी शोषण कमी होतं. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास असेल तर गोळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्या, पण पाण्यावर नको. अपिक्सॅबॅन १० मिलिग्रॅम २ वेळा ७ दिवस, मग ५ मिलिग्रॅम २ वेळा. जेवणाची अट नाही. चूक होते ती बदलाच्या दिवशी, २२ व्या किंवा ८ व्या. पहिलीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून जास्त डोस महिनाभर चालू राहतो, किंवा पाकीट संपलं म्हणून चार दिवस काहीच नाही. कॅलेंडरवर तारीख लाल करून ठेवा.

ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन सुरू करताना हेपरिनचं इंजेक्शन सोबत किमान ५ दिवस, आणि आयएनआर २ च्या वर २४ तास टिकेपर्यंत. प्रोटीन सी फार लवकर घसरतं, प्रोथ्रॉम्बिन सावकाश. त्यामुळे पहिले काही दिवस उलट गुठळीकडेच कल असतो. पालेभाजी बंद करू नका. मेथी, पालक, शेपू जेवढा नेहमी खाता तेवढाच दर आठवड्याला खा. चतकोर जुडी रोज चालते. एरवी काही नाही आणि श्रावणात रोज अळूचं फदफदं, हे चालत नाही. लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, दुखण्यावर डायक्लोफेनॅक: विचारल्याशिवाय नको.

---

निळी_टोपी

डी-डायमर दर पंधरवड्याला करू नका. गुठळी असल्याची शंका असताना ती नाही हे सांगायला ते उपयोगी. उतरतंय की नाही हे बघून औषध ठरत नाही. शिवाय एककांचा घोळ: एफईयूमध्ये मर्यादा ५०० नॅनोग्रॅम, डीडीयूमध्ये तीच साधारण २५०. एका लॅबचा ४०० नॉर्मल आणि दुसरीचा ४०० वाढलेला असू शकतो. पन्नाशीनंतर एफईयूमध्ये वय गुणिले १० अशी मर्यादा धरतात.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह असलेल्यांनी बोट टोचून आयएनआर सांगणाऱ्या यंत्रावर विसंबू नये. ते खोटा जास्त आकडा दाखवू शकतं, आणि मग डोस कमी केला जातो. शिरेतून रक्त, लॅबमध्ये.

---

गोठणगल्ली

३ महिन्यांनी करायच्या दोन गोष्टी राहतात. पायाचा डॉपलर, औषध थांबणार असो वा नसो. पुढे कधी पाय सुजला तर जुनी गुठळी की नवी, हे त्याच्याशी ताडून बघता येतं. आणि फुफ्फुसात गुठळी झाली होती व ३ महिने औषध नीट घेऊनही जिना चढताना दम लागतोय, तर इको आणि व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा). ‘वजन वाढलंय’ म्हणून हा दम सोडून देऊ नये. जुनी गुठळी नळीत दगडासारखी बसून फुफ्फुसाचा दाब वाढवते, आणि त्यावर ऑपरेशन असतं.

अचानक दम, छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर, एक बाजू लुळी पडणं: इथे रिपोर्टची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

---

चौकस_चिमणी

सगळं वेळेवर केलं, सगळं नॉर्मल आलं. मग ‘कारण नाही’ म्हणजे धोका नाही असं धरायचं?

---

गोठणगल्ली

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. नॉर्मल पॅनेल म्हणजे आपल्याला माहीत असलेले पाच-सहा दोष नाहीत, एवढंच. अनप्रोव्होक्ड गुठळीनंतर औषध थांबवलं तर पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे १० टक्के, ५ वर्षांत २५, १० वर्षांत ३६. पुरुषांत १० वर्षांचा आकडा ४१, बायकांत २९. हे आकडे पॅनेल नॉर्मल असल्याने खाली येत नाहीत. म्हणून ‘अनप्रोव्होक्ड’ हाच निदानाचा भाग समजून पुढचा निर्णय करतात. ६ महिन्यांनंतर बऱ्याच जणांना कमी डोस चालतो: अपिक्सॅबॅन २.५ मिलिग्रॅम २ वेळा किंवा रिव्हरॉक्सॅबॅन १० मिलिग्रॅम १ वेळा. दर वर्षी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, वजन आणि रक्तस्रावाचा धोका पुन्हा बघायचा. अँटिफॉस्फोलिपिडच्या ट्रिपल पॉझिटिव्ह रुग्णाला हा कमी डोस लागू नाही.

---

सातारी_कंदी

शेवटचा प्रश्न. साताऱ्यासारख्या ठिकाणाहून हे रक्त द्यायचं कुठे? आणि ते १२ आठवडे मोजायचे कधीपासून, गुठळीच्या तारखेपासून?

---

निळी_टोपी

ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि प्रोटीन एससाठी शक्यतो जिथे यंत्र आहे तिथेच जाऊन रक्त द्या, कुरिअरने नाही. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, रक्त गोठण्याचे विकार हा तिचा खास विषय. डॉक्टरांच्या चिठ्ठीने चौकशी करावी. जवळच्या लॅबमध्येच द्यायचं असेल तर दोन गोष्टी विचारा: प्लाझ्मा दोनदा फिरवता का, आणि रक्त काढल्यापासून ४ तासांत फिरवून गोठवला जाईल का.

१२ आठवडे पहिल्या पॉझिटिव्ह सॅम्पलच्या तारखेपासून, म्हणजे ८४ दिवस. ११ व्या आठवड्यात ‘इकडे आलोच होतो म्हणून’ देऊ नका, चार दिवस जास्त झाले तर चालतात. दोन्ही वेळा तीच लॅब आणि तोच किट, कारण एका किटचे ४५ युनिट आणि दुसऱ्याचे ४५ युनिट सारखे नसतात. रिव्हरॉक्सॅबॅन चालूच असेल तर पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी रक्त द्या, आणि सॅम्पलमधलं औषध कोळशाच्या गोळीने शोषून घेण्याची सोय लॅबकडे आहे का ते आधी फोन करून विचारा. मागणीच्या कागदावर औषधाचं नाव, शेवटचा डोस किती वाजता, गुठळीची तारीख, गरोदरपण किंवा गोळ्या, आणि शेवटचा आयएनआर लिहा. हे पाच तपशील नसतील तर रिपोर्टवर सही करणाऱ्याला आकडा दिसतो, त्याचा अर्थ लावता येत नाही.